बाथरूमच्या छतावर टाइल बसवायचीय? आधी बिदरच्या महमूद गवानची गोष्ट वाचा



मोबाइलवर रील्स बघताना हा व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. छोटंसं बाथरूम. खाली टाइल, चारी भिंतींना टाइल, आणि शेवटी मिस्त्री स्टुलावर चढून डोक्यावरच्या स्लॅबलाही टाइल चिकटवतो. बघायला एकदम भारी वाटतं. मग बीड असो, माजलगाव असो की अंबाजोगाई, नवीन घराचं काम चालू असलं की घरातली तरुण मंडळी हाच व्हिडिओ मिस्त्रीसमोर धरतात. मिस्त्री मान डोलावतो आणि आजी एकच प्रश्न विचारते, की अंघोळ करताना डोक्यात पडली तर काय?

आजीचा प्रश्न अगदी बरोबर आहे. त्याचं उत्तर आपण आज एका माणसाच्या आयुष्यातून समजून घेणार आहोत. त्याचं नाव महमूद गवान. साडेपाचशे वर्षांपूर्वी त्याने बिदरमध्ये एक तीन मजली इमारत बांधली आणि ती उंचापर्यंत रंगीत टाइल्सनी मढवली. त्यातल्या काही टाइल्स आजही भिंतीवर आहेत, बऱ्याचशा गेल्या. बीडहून अंबाजोगाई, लातूर, उदगीर करत गेलात तर ती इमारत तुम्ही स्वतः डोळ्यांनी बघू शकता. आणि या माणसाच्या शेवटाशी आपल्या बीडचाही एक संबंध आहे. तो पुढे येईलच.

चला तर मग, सुरुवातीपासून बघूया.

कोण होता महमूद गवान?

महमूद गवानचा जन्म १४११ च्या सुमारास इराणमधल्या गिलान प्रांतात झाला. हा प्रांत कॅस्पियन समुद्राच्या काठावर आहे. त्याच्या गावाचं नाव गावान, म्हणून तो महमूद गवान. घराणं मोठं होतं, घरातली माणसं तिथल्या दरबारात वरच्या पदावर होती. पण दरबार म्हटलं की राजकारण आलंच. तिथल्या कटकटींना कंटाळून त्याने गाव सोडलं आणि व्यापार धरला.

पुढची बरीच वर्षं तो व्यापारासाठी देशोदेशी फिरत राहिला. माल विकायचा, आणि जिथे जाईल तिथल्या विद्वानांना भेटायचं, असा त्याचा क्रम होता. गणित, वैद्यक आणि फारसी लेखन यांत त्याची चांगली गती होती. आजच्या भाषेत सांगायचं तर धंदा एका हाताने आणि शिक्षण दुसऱ्या हाताने चालू होतं.

१४५३ मध्ये, वयाच्या चाळिशीनंतर, तो जहाजाने कोकणातल्या दाभोळ बंदरात उतरला. आज रत्नागिरी जिल्ह्यात असलेलं दाभोळ तेव्हा मोठं बंदर होतं. घाट चढून तो बिदरला आला. बिदर ही बहमनी सुलतानांची राजधानी. तिथे एका सूफी संताला भेटायचं आणि मग दिल्लीला निघायचं, असा त्याचा बेत होता.

पण सुलतान अलाउद्दीन अहमद याला हा माणूस आवडला. त्याने गवानला दरबारात ठेवून घेतलं. दिल्ली राहिली ती राहिलीच. गवान पुढची अठ्ठावीस वर्षं, म्हणजे मरेपर्यंत, दख्खनमध्येच राहिला.

परदेशी माणूस, मोठी खुर्ची

तेव्हाच्या बहमनी दरबारात दोन गट होते. एक दख्खनी, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेले सरदार. दुसरे आफाकी, म्हणजे इराण, तुर्कस्तान, अरबस्तानातून नव्याने आलेले. दोघांचं एकमेकांशी अजिबात पटायचं नाही. गवान जन्माने आफाकी. त्यामुळे तो कितीही चांगलं काम करो, अर्ध्या दरबाराच्या डोळ्यांत तो पहिल्या दिवसापासून खुपत होता.

तरीही तो वर चढत गेला. नलगोंड्याचं बंड मोडण्याची कामगिरी त्याच्याकडे आली, ती त्याने पार पाडली. पुढच्या सुलतानाने, हुमायूनने, त्याला मलिक-उत-तुज्जार हा किताब दिला. त्याचा अर्थ व्यापाऱ्यांचा प्रमुख.

१४६१ मध्ये हुमायून वारला आणि गादीवर आला निजामशाह, वय वर्षं आठ. राज्य सांभाळायला तिघांचं मंडळ नेमलं गेलं. राजमाता, ख्वाजा जहान तुर्क आणि महमूद गवान. लहान मुलगा राजा आहे म्हटल्यावर शेजारी गप्प बसतील का? माळव्याचा सुलतान महमूद खलजी फौज घेऊन थेट बिदरवर चालून आला. तेव्हा गुजरातच्या महमूद बेगडाची मदत मिळवून राज्य वाचवलं गेलं.

दोन वर्षांत हा छोटा सुलतानही वारला. त्याचा भाऊ मुहम्मद तिसरा गादीवर आला, तोही नऊ-दहा वर्षांचाच. १४६६ मध्ये ख्वाजा जहान तुर्क मारला गेला आणि राज्याचा मुख्य कारभारी झाला महमूद गवान. पुढची पंधरा वर्षं दख्खनचा कारभार प्रत्यक्षात त्याच्याच हातात होता.

याच काळात एक रशियन व्यापारी बिदरला येऊन राहिला होता. त्याचं नाव अफनासी निकितिन. तो चौलला उतरून जुन्नरमार्गे बिदरला पोचला. त्याच्या प्रवासवर्णनातही या मलिक-उत-तुज्जारच्या दबदब्याची नोंद आहे.

सत्ता मोठी, राहणी साधी

गवानची राहणी मात्र साधी होती. फिरिश्ता नावाच्या इतिहासकाराने लिहून ठेवलंय की तो चटईवर झोपायचा, त्याचं जेवण मातीच्या भांड्यांत शिजायचं, आणि घरखर्च तो स्वतःच्या व्यापारातल्या कमाईतून चालवायचा. सरकारी उत्पन्नातून सैन्याचा खर्च आणि गरिबांना मदत जायची.

तो पत्रंही खूप लिहायचा. इराणमधल्या जामीसारख्या नामवंत कवीशी त्याचा पत्रव्यवहार होता. त्याने मोठमोठ्या विद्वानांना बिदरला यायचं आमंत्रण दिलं. काही आले, काही आले नाहीत. त्याच्या पत्रांचा संग्रह रियाज-उल-इन्शा या नावाने आजही उपलब्ध आहे.

विद्वानांना बोलवायचं तर त्यांना राहायला, शिकवायला जागा हवी. त्यातूनच उभा राहिला बिदरचा मदरसा.

तीन मजले आणि हजारो टाइल्स

हा मदरसा १४७२ च्या सुमारास पूर्ण झाला. लांबी साधारण २०५ फूट, रुंदी १८० फूट, तीन मजले. मधे मोठं चौकोनी अंगण आणि चारी बाजूंनी वर्ग, राहण्याच्या खोल्या, मशीद आणि ग्रंथालय. या ग्रंथालयात तीन हजारांच्या आसपास हस्तलिखितं होती, असं सांगितलं जातं. छापखान्याच्या आधीचा काळ आहे हे लक्षात घ्या. प्रत्येक पुस्तक कुणीतरी हाताने लिहिलेलं.

इमारतीचा दर्शनी भाग आणि मिनार रंगीत टाइल्सनी मढवलेले होते. निळा, पांढरा, पिवळा, हिरवा असे रंग. मिनारावर नागमोडी पट्टे आणि वर मोठ्या अक्षरांत मजकूर. ही कला इराणची. तिकडे अशा टाइल्सना काशान शहराच्या नावावरून काशी म्हणतात. गवानने आपल्या मातृभूमीची ओळख दख्खनच्या दगडी भिंतीवर आणून लावली, असं म्हटलं तरी चालेल.

आता आपला टेक्निकल प्रश्न. या टाइल्स तेव्हा कशा बसवल्या? सिमेंटचा शोध लागायला अजून साडेतीनशे वर्षं होती. टाइल गमची पिशवीही नव्हती. होता फक्त चुना.

टाइलला दोन बाजू असतात. पुढची बाजू काचेसारखी चकचकीत, तिच्यातून पाणी आत जात नाही. मागची बाजू भाजलेल्या मातीची, बारीक छिद्रांची. ओला चुना या छिद्रांत शिरतो आणि सुकताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगडासारखा कडक होतो. म्हणजे टाइल धरून ठेवण्याचं काम पूर्णपणे मागच्या बाजूचं. पुढचा रंग आपल्याला दिसतो, पण त्याचा टिकण्याशी काही संबंध नाही.

आणि मागच्या बाजूचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे ओल. पाणी भिंतीत मागून शिरलं की ते चकचकीत थरातून पुढे बाहेर पडू शकत नाही. ते मागेच अडकतं. पाण्यासोबत क्षार येतात. पाणी सुकलं की क्षारांचे खडे होतात, खडे वाढतात आणि टाइलला मागून ढकलायला लागतात. बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरा थर कसा चढतो, ते तुम्ही घरी बघितलंच असेल. तेच क्षार.

मदरसा बांधणाऱ्यांना ओलीचा धोका माहीत होता. जमिनीतली ओल वर चढू नये म्हणून पायाशी शिशाचे पातळ पत्रे घातल्याचं अभ्यासकांनी नोंदवलंय. आज आपण ज्याला वॉटरप्रूफिंग म्हणतो, त्याचाच हा जुना अवतार.

कोकण, गोवा आणि दुष्काळ

मदरशाचं काम चालू होतं, त्याच काळात गवान स्वतः कोकणात लढत होता. सह्याद्रीतल्या किल्लेदारांनी याआधी बहमनी फौजेची पार दाणादाण उडवली होती. गवानने घाई केली नाही. त्याने पैसा, फूट आणि लांबलचक वेढा असं सगळं वापरून खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, मिळवला. १४७२ मध्ये गोवा घेतलं. पश्चिम किनाऱ्याचा व्यापार बहमनींच्या हातात आला.

तो परतल्यावर सुलतान त्याच्या घरी आठवडाभर पाहुणा म्हणून राहिला. यापेक्षा मोठा मान तेव्हा नव्हता. फिरिश्ता सांगतो की त्यानंतर गवान एकटाच खोलीत जाऊन बसला आणि मग त्याने आपली संपत्ती वाटून टाकली. फक्त पुस्तकं, हत्ती आणि घोडे ठेवले. पुस्तकं विद्यार्थ्यांची, हत्ती-घोडे राज्याचे, असा त्याचा हिशोब होता. आपण किती उंचावर आहोत आणि खाली पडलो तर काय होईल, हे बहुधा त्याला कळत होतं.

पुढच्याच वर्षी बेळगावही घेतलं. पण त्यानंतर दख्खनमध्ये सलग दोन वर्षं पाऊस पडला नाही. आपल्या भागाला दुष्काळ काय असतो ते वेगळं सांगायला नको. माणसं मेली, कित्येक गावं सोडून गेली.

सुधारणा, आणि त्यातून वाढलेले शत्रू

गवानने केलेलं सर्वांत महत्त्वाचं काम लढाईचं नव्हतं. ते होतं कारभाराचं.

राज्य तेव्हा चार मोठ्या प्रांतांत विभागलेलं होतं आणि प्रत्येक प्रांताचा सुभेदार म्हणजे छोटा राजाच. गवानने चाराचे आठ प्रांत केले. सुभेदाराच्या हातात एकच किल्ला ठेवला, बाकीच्या किल्ल्यांवर थेट बिदरहून माणसं नेमली. प्रत्येक प्रांतातली काही जमीन सरकारी खर्चासाठी राखून ठेवली. जमिनीची मोजणी सुरू केली. सरदार जेवढ्या सैनिकांचे पैसे घेतो तेवढे सैनिक खरंच ठेवतो का, हेही तपासलं जाऊ लागलं.

नेमणुका करताना त्याने दख्खनी आणि आफाकी दोन्ही गटांना जागा दिल्या. कागदावर सगळं समतोल होतं. पण ज्यांची सत्ता अर्धी झाली ते खूश कसे राहतील? मोठमोठे सरदार आतून दुखावले. त्यांचा पुढारी होता मलिक हसन, किताब निजाम-उल-मुल्क बहरी.

बाहेरून बघणाऱ्याला राज्य एकदम मजबूत दिसत होतं. समुद्रापासून समुद्रापर्यंत पसरलेलं. पण मागे पोकळी तयार झाली होती.

एका कोऱ्या कागदावरचा शिक्का

१४८१ साल. सुलतानाची छावणी आंध्रात होती. गवानचा शिक्का सांभाळणारा एक गुलाम होता. कटवाल्यांनी त्याच्याशी दोस्ती केली, त्याला दारू पाजली आणि एका कोऱ्या कागदावर गवानचा शिक्का मारून घेतला.

मग त्या कागदावर एक पत्र लिहिलं गेलं. ओरिसाच्या राजाला उद्देशून. मजकूर असा, की राज्य कमकुवत झालंय, तुम्ही चालून या. हे पत्र सुलतानाला दाखवण्यात आलं.

सुलतान दारूच्या नशेत होता. त्याने गवानला बोलावलं. जाऊ नका, असा सल्ला मित्रांनी दिला, तरी गवान गेला. समोर पत्र ठेवलं गेलं. शिक्का आपला आहे हे त्याने मान्य केलं, पण मजकूर आपला नाही हेही सांगितलं. सुलतानाने चौकशी केली नाही. तिथल्या तिथे शिरच्छेदाचा हुकूम दिला. तारीख होती ५ एप्रिल १४८१. गवानचं वय सत्तरच्या आसपास होतं.

आज आपल्याला ओटीपी कुणाला देऊ नका, कोऱ्या कागदावर सही करू नका, असं सारखं सांगितलं जातं. शिक्का खरा असला म्हणून मजकूर खरा ठरत नाही. हे न तपासल्याने दख्खनचा सगळ्यात हुशार कारभारी गेला.

त्याच्या मृत्यूनंतर खजिना शोधला गेला. मोठं घबाड सापडेल असं वाटलं होतं, पण हाती फारसं काही लागलं नाही. सुलतानाला आपली चूक कळली, पण तोवर वेळ निघून गेली होती. वर्षभरात, १४८२ मध्ये, तोही वारला. गवानची साधीशी कबर बिदरजवळ आहे.

आणि इथे येतं आपलं बीड

गवान गेल्यावर मुख्य कारभारी कोण झाला? तोच मलिक हसन. आणि नव्या सुलतानाच्या काळात त्याच्या जहागिरीत जे प्रदेश जोडले गेले, त्यांत बीडही होतं. त्याने बीड आणि दौलताबादच्या आसपासच्या भागावर आपला मुलगा मलिक अहमद याला नेमलं. याच मलिक अहमदने १४९० मध्ये स्वतंत्र होऊन अहमदनगरची निजामशाही सुरू केली.

म्हणजे बीड निजामशाहीत आलं त्याची सुरुवात त्या खोट्या पत्रापर्यंत मागे नेता येते. बहमनी राज्याचे पुढे पाच तुकडे झाले. अहमदनगर, विजापूर, वऱ्हाड, गोवळकोंडा आणि बिदर. शंभरेक वर्षांनी याच निजामशाहीच्या काळात बीडची प्रसिद्ध खजाना विहीर बांधली गेली. ती तुम्ही पाहिली असेलच.

मदरशाचं काय झालं? पुढे मुघलांच्या काळात तिथे सैनिक राहू लागले आणि बारूद ठेवली गेली. १६९६ मध्ये स्फोट झाला. दर्शनी भागाचा मोठा हिस्सा आणि एक मिनार कोसळला. उरलेल्या भिंतींवरच्या टाइल्स नंतरच्या शतकांत उन्हापावसाने गळत गेल्या. आज एक मिनार उभा आहे आणि त्यावर जागोजागी निळे-हिरवे तुकडे शिल्लक आहेत. जिथे मागचा चुना शाबूत राहिला, तिथे साडेपाचशे वर्षांनीही टाइल जागची हललेली नाही.

मग आपल्या बाथरूमच्या छताचं काय?

आता आजीच्या प्रश्नाकडे येऊया. छतावर टाइल टिकते का? टिकते. अमेरिकेत राफेल गुआस्ताविनो नावाच्या स्पॅनिश माणसाने १८८१ नंतर अख्ख्या कमानदार छतांचं बांधकामच टाइल्समध्ये केलं. बोस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयातली ती छतं आजही लोकांच्या डोक्यावर शाबूत आहेत.

थोडा हिशोब करू. एक फूट बाय एक फूट, ८ मिमी जाडीची सिरॅमिक टाइल साधारण दीड किलोची असते. आयएसओ १३००७ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार साध्या सी१ दर्जाच्या टाइल गमने दर चौरस मिलिमीटरला किमान ०.५ न्यूटन ओढ सहन करायला हवी. सी२ दर्जाच्या गमने १ न्यूटन. ०.५ च्या हिशोबाने त्या एका टाइलमागची पकड साडेचार टनांच्या वर जाते. दीड किलोसाठी साडेचार टन!

मग टाइल पडते का? कारण पकड सगळीकडे लागलेलीच नसते. मागे धूळ असते, जुनी पुट्टी असते, पोकळी असते किंवा ओल असते. भिंतीवरची टाइल सुटायला लागली तर ती खाली सरकते, खालच्या टाइलवर टेकते, आपल्याला अंदाज येतो. छतावरची टाइल मात्र कशावरच टेकलेली नसते. ती एका कडेने सुटायला लागली की सोलल्यासारखी सुटते आणि थेट खाली येते. म्हणून छताला चुकीची माफी नाही.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे, ऊन. वरच्या मजल्याचा स्लॅब एप्रिल-मेमध्ये दिवसा तापतो, रात्री गार होतो. काँक्रीट टाइलपेक्षा जास्त फुगतं आणि जास्त आकसतं. तीन मीटरच्या लांबीत हा फरक मिलिमीटरच्या काही भागाएवढाच असतो, पण तो रोज होतो. टाइल्स एकमेकींना घट्ट चिकटवून लावल्या तर हा ताण जायला जागाच राहत नाही.

म्हणून मिस्त्रीशी बोलताना हे मुद्दे लक्षात ठेवा:

१. आधी वर बघा. वर गच्ची किंवा दुसरं बाथरूम असेल तर तिथलं वॉटरप्रूफिंग पक्कं झाल्याशिवाय खाली टाइल लावूच नका. पावसाळा काढून बघितलं तर उत्तम. स्लॅबला ओलीचा डाग असेल तर टाइल तो झाकेल, बरा करणार नाही.

२. जुना थर पूर्ण काढा. रंग, चुना, पुट्टी, पीओपी सगळं खरवडून काढा. टाइल पुट्टीला चिकटली तर ती पुट्टीसकट खाली येणार. स्लॅब गुळगुळीत असेल तर टाचे मारून खरखरीत करा आणि धूळ पुसून घ्या.

३. नुसतं सिमेंटचं पाणी नको. टाइल गमच वापरा. पिशवीवर आयएस १५४७७ हा भारतीय मानक क्रमांक आणि गमचा प्रकार लिहिलेला असतो, तो वाचा. न घसरणारा आणि थोडी लवचीकता असलेला गम मागा. पाण्याचं माप पिशवीवर दिलंय तेवढंच, अंदाजपंचे नाही.

४. टाइल छोटी आणि हलकी घ्या. एक बाय एक फूट किंवा त्याहून लहान. दोन बाय चार फुटांच्या जड टाइल्स छतावर नकोत.

५. दोन्हीकडे गम. स्लॅबवर दात्यांच्या थापीने आणि टाइलच्या मागे पातळ थर. पहिल्या दोन-तीन टाइल्स लावल्या की एक लगेच काढून मागे बघा. सगळीकडे गम लागलेला दिसला पाहिजे. मधे कोरडे पट्टे दिसले तर पद्धत चुकतेय.

६. फट ठेवा. स्पेसर लावून २ ते ३ मिमी. भिंत आणि छत जिथे मिळतात तिथेही फट ठेवून त्यात लवचीक सीलंट भरा.

७. नंतर ठोकून बघा. गम पूर्ण वाळल्यावर लाकडी दांड्याने हलकेच ठोका. बदबद आवाज आला तर टाइल काढून परत लावा. दिसायला चांगली आहे म्हणून सोडू नका.

८. एक्झॉस्ट फॅन विसरू नका. वाफ बाहेर गेली तर छतही टिकतं आणि ग्राउटही काळं पडत नाही.

पाच बाय सात फुटांच्या बाथरूमच्या छतावर टाइल आणि गम मिळून साधारण ६० ते ७० किलो वजन येतं. चांगल्या आरसीसी स्लॅबला ते जड नाही. पण पत्रा, माळवद किंवा पीओपीच्या फॉल्स सीलिंगवर हा प्रयोग बिलकूल करू नका. तिथे पीव्हीसी पॅनेल लावा. आणि मिस्त्रीने छताचं काम आधी कधीच केलं नसेल, तर शिकण्यासाठी तुमचं डोकं खाली देऊ नका. चांगला वॉटरप्रूफ रंगही पुरतो.

शेवटी

महमूद गवानने पंधरा वर्षं एवढं मोठं राज्य पेलून धरलं. त्या ओझ्याने तो पडला नाही. पाठीमागे जी पोकळी वाढत गेली, तिने त्याला पाडलं, आणि ती तपासण्याची तसदी सुलतानाने घेतली नाही. टाइलचंही तसंच असतं.

कधी बिदरला गेलात तर त्या मिनाराखाली उभे राहा आणि वर बघा. एखादा निळा तुकडा अजून घट्ट बसलेला दिसेल. तो बसवणाऱ्या कारागिराचं नाव कुठेच लिहिलेलं नाही, पण त्याने टाइलच्या मागचं काम नीट केलं होतं, एवढं नक्की.

घरात कुणाचं बांधकाम चालू असेल तर हा लेख त्यांना नक्की पाठवा. आणि हो, आजीलाही वाचून दाखवा. तिचा प्रश्न सगळ्यात आधी बरोबर होता.